तुकडोजी महाराज

तुकडोजी महाराज (मूळ नाव : माणिक बंडोजी इंगळे, जन्म : यावली, जिल्हा अमरावती, ३० एप्रिल १९०९, निधन : गुरुकुंज मोझरी, जिल्हा अमरावती, ११ ऑक्टोबर १९६८) हे विदर्भातील संतकवी, भजनगायक, खंजिरीवादक आणि समाजसुधारक होते. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी हजारो भजने रचली व खंजिरीच्या साथीने ती स्वतः गाऊन खेडोपाडी पोहोचवली. 'ग्रामगीता' हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ होय. ते 'राष्ट्रसंत' या उपाधीने ओळखले जातात. त्यांच्या कार्याचे वर्णन बहुधा आश्रम, संस्था व ग्रंथ यांच्या अंगाने केले जाते. परंतु या सर्वांच्या आधी त्यांचे गाणे होते. लोक त्यांच्याभोवती प्रथम जमले ते भजन ऐकण्यासाठी, आणि पुढील सर्व कार्य या श्रोतृसमुदायातूनच उभे राहिले.

बालपण व नाव

माणिक यांचा जन्म अमरावती तालुक्यातील यावली या गावी एका गरीब कुटुंबात झाला. वडिलांचे नाव बंडोजी व आईचे नाव मंजुळाबाई. यावली आणि वरखेड या दोन गावी त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले; तिसऱ्या इयत्तेनंतर मात्र शाळा सुटली ती कायमची. पाठ्यपुस्तकांपेक्षा त्यांचे मन भजन, कीर्तन आणि देवळातील मेळ्यांत अधिक रमे. वऱ्हाडातील खेड्यांत त्या काळी रात्रीचे भजन हेच लोकशिक्षणाचे आणि करमणुकीचे प्रमुख साधन होते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही संतांचे अभंग पाठ असत. या मौखिक परंपरेत माणिक यांचा कान आणि कंठ तयार झाला.

वरखेड येथील सत्पुरुष आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनीच माणिकला 'तुकड्या' हे नाव दिले. या नावामागे त्यांच्या बालपणीच्या दारिद्र्याची आठवण आहे. भजन म्हणताना भिक्षेत जे भाकरीचे तुकडे मिळत त्यांवर आपण वाढलो, ही जाणीव त्यांनी पुढे कधी पुसू दिली नाही. भजनाच्या शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव गुंफण्याची संतपरंपरा आहे. या नाममुद्रेसाठी त्यांनी 'तुकड्यादास' हेच नाव निवडले. देशभर मान्यता मिळाल्यानंतरही त्यांच्या प्रत्येक भजनात हे भिक्षेचे नाव येत राहिले.

तारुण्याच्या उंबरठ्यावर ते घर सोडून भ्रमंतीला निघाले. रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि गोंदोडा येथील अरण्यांत त्यांनी काही काळ साधनेत घालवला. यांपैकी सालबर्डी हे मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, तर गोंदोडा हे चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरच्या परिसरात आहे. या भटकंतीमुळे वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंतच्या खेड्यांचा आणि आदिवासी पाड्यांचा त्यांना जवळून परिचय झाला. १९३५ मध्ये सालबर्डी येथे त्यांनी मोठा यज्ञ आयोजित केला. त्याला दूरदूरच्या गावांहून प्रचंड जनसमुदाय लोटला आणि त्यांचे नाव मध्य प्रांत व वऱ्हाडात सर्वत्र पोहोचले.

खंजिरी

तुकडोजी महाराजांच्या प्रतिमेपासून खंजिरी वेगळी काढता येत नाही. छायाचित्रांत, पुतळ्यांत आणि भिंतींवरील चित्रांत ते बहुधा हातात खंजिरी धरलेलेच दिसतात. खंजिरी हे अत्यंत साधे वाद्य आहे. लाकडी कड्याच्या एका तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते आणि कड्यातील खाचांमध्ये धातूच्या लहान चकत्या असतात. एका हाताने कडे धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातड्यावर आघात केला की ताल आणि चकत्यांचा झणत्कार एकाच वेळी निघतो. तबल्याप्रमाणे बैठक, हार्मोनियमप्रमाणे भाता किंवा वीणेप्रमाणे तारा जुळवणे, यांतले काहीही तिला लागत नाही.

या साधेपणाला सामाजिक अर्थ होता. खंजिरी स्वस्त होती. ती कोणत्याही गावात बनू शकत होती. झोळीत टाकून ती पायी चालणाऱ्याला नेता येई. ती वाजवणाऱ्याचे तोंड गाण्यासाठी मोकळे राही, आणि उभे राहून, चालत, वळत, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहत गाता येई. मुख्य म्हणजे ती शिकण्यासाठी गुरुगृही वर्षानुवर्षे राहण्याची गरज नव्हती. ज्या समाजात देवळाच्या गाभाऱ्यापासून शास्त्रीय संगीताच्या बैठकीपर्यंत अनेक दारे बहुसंख्य लोकांना बंद होती, तेथे हे वाद्य शेतमजुराच्या मुलालाही उचलता येत होते.

त्याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी कीर्तनाचे माध्यम स्वीकारले. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घेत ते कीर्तन रंगवीत. तुकडोजी महाराजांचा भर संवादापेक्षा गायनावर होता. गाडगे महाराजांच्या कीर्तनानंतर श्रोत्याच्या मनात प्रश्न उरे. तुकडोजी महाराजांच्या भजनानंतर श्रोत्याच्या ओठांवर चाल उरे, आणि त्या चालीबरोबर तिच्यातील विचारही घरी जाई. अस्पृश्यता, व्यसन, कर्जबाजारीपणा व अंधश्रद्धा यांविरुद्ध एकाच मातीतील या दोघांनी आपापल्या परीने लोकजागृती केली.

भजनांचे स्वरूप

त्यांची भजने समूहाने गाण्यासाठी रचलेली आहेत. ध्रुपद आटोपशीर, चाल एकदा ऐकून लक्षात राहणारी आणि शब्द रोजच्या वापरातले असतात. मुख्य गायकाने कडवे म्हणावे आणि टाळ-झांजांसह सर्वांनी ध्रुपद उचलावे, अशी त्यांची बांधणी असते. त्यामुळे श्रोता फार वेळ श्रोता राहत नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत तोही गायकांत सामील होतो. या रचनांत अलंकारांची आतषबाजी क्वचित आढळते. झोपडी, भाकरी, नांगर, गावाची वेस, बाजार, देऊळ अशा परिचित वस्तूंमधून विचार उलगडत जातो.

'या झोपडीत माझ्या' ही त्यांची कविता शालेय पाठ्यपुस्तकांमुळे महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना परिचित आहे. राजवाड्यातील ऐश्वर्य आणि झोपडीतील निर्भय शांती यांची तुलना करून ती कष्टकऱ्याच्या घराला प्रतिष्ठा देते. या कवितेला स्वानुभवाची बैठक आहे. भिक्षेच्या तुकड्यांवर वाढलेल्या माणसाने ती लिहिली आहे. दुसऱ्या एका लोकप्रिय भजनात अंतःकरणात भाव नसताना देवाकडे मागणे मागणाऱ्या भक्ताची त्यांनी थट्टा केली आहे. एका हिंदी भजनात सर्व देशांत आणि सर्व वेषांत एकच तत्त्व नटलेले आहे असे सांगितले आहे, तर दुसऱ्यात आपले मंदिर सर्व जातिधर्मांच्या लोकांसाठी खुले असल्याची घोषणा आहे. भक्तीची भाषा कायम ठेवून तिच्या पोटात सामाजिक विचार घालण्याचे त्यांचे कसब या रचनांतून दिसते.

हिंदी रचनांमागे प्रादेशिक कारणही होते. १९५६ पर्यंत वऱ्हाड आणि नागपूर हे मराठी प्रदेश हिंदीभाषक जिल्ह्यांसह एकाच प्रांतात होते व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. अमरावतीच्या बाजारात, नागपूरच्या गिरण्यांत आणि रायपूरच्या रस्त्यावर सारखेच समजेल असे भजन हवे असेल तर ते हिंदीत असणे सोयीचे होते. त्यांची हिंदी पंडिती वळणाची नाही. वऱ्हाडी माणूस जशी हिंदी बोलतो आणि समजतो तिच्याशी तिचे जवळचे नाते आहे.

गांधीजींचा सहवास

१९३६ मध्ये महात्मा गांधींनी तुकडोजी महाराजांना वर्ध्याजवळील शेगाव येथे बोलावून घेतले. हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले. गांधीजी त्याच वर्षी तेथे राहावयास आले होते. तुकडोजी महाराज सुमारे एक महिना त्यांच्या सहवासात राहिले आणि तेथील प्रार्थनेत त्यांची भजने झाली. गांधीजींचा सामूहिक प्रार्थनेवरील भर, खेड्यालाच राष्ट्राचा पाया मानण्याची दृष्टी आणि सफाईसारख्या कामाला दिलेले मोल यांचे प्रतिबिंब तुकडोजी महाराजांच्या पुढील कार्यात उमटले. मात्र त्यांनी आपला मार्ग बदलला नाही. चरखा हे गांधीजींच्या कार्यक्रमाचे चिन्ह होते; तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरीच राहिली.

१९४२ चे आंदोलन व तुरुंगवास

ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो' आंदोलनाची घोषणा झाली. त्या सुमारास तुकडोजी महाराजांची भजने चंद्रपूर व वर्धा परिसरात गाजत होती. त्यांच्या एका हिंदी भजनात झाडे शस्त्रे होतील, दगड बॉम्ब होतील आणि भक्तच सेना बनतील अशी कल्पना मांडलेली होती. दीर्घकाळ निःशस्त्र राहिलेल्या खेडुताला उद्देशून केलेले हे आवाहन होते. भजन म्हणून गायले जात असल्याने ते देवळातल्या मेळ्यातून सहज पसरत गेले. सभेला बंदी घालता येत असे; भजनाला बंदी घालणे सरकारलाही अवघड होते.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी नागपंचमीच्या दिवशी चिमूर येथे मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले आणि त्यानंतर लष्कराने गावावर कठोर दडपशाही केली. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही पोलीस ठाण्यावर मोर्चा जाऊन रक्तपात झाला. तुकडोजी महाराजांचे जन्मगाव यावली हेही या आंदोलनातील बलिदानामुळे पुढे 'यावली शहीद' म्हणून ओळखले जाऊ लागले.

या उठावांमागे तुकडोजी महाराजांच्या भजनांची प्रेरणा असल्याचा सरकारला संशय होता. २८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना चंद्रपूर येथे अटक करण्यात आली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत त्यांना सुमारे शंभर दिवस ठेवून डिसेंबरमध्ये मुक्त करण्यात आले. या अटकेने त्यांच्या गाण्यापुढे एक कठीण प्रश्न उभा केला. भक्तीचे गाणे जमावाला इतके पेटवू शकते, तर त्या शक्तीला पुढे कोणते वळण द्यायचे? सुटकेनंतरच्या त्यांच्या कार्यात याचे उत्तर सापडते. तोच समुदाय आणि तेच भजन कायम ठेवून त्यांनी ग्रामसफाई, श्रमदान, अस्पृश्यतानिवारण व शिक्षण यांकडे लोकांची शक्ती वळवली.

गुरुकुंज आश्रम व सामुदायिक प्रार्थना

नागपूर–अमरावती मार्गावरील मोझरी (आताचा तिवसा तालुका) येथे १९३५ मध्ये त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली होती. १९४२ नंतर हा आश्रम त्यांच्या कार्याचे केंद्र बनला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगावी निघाल्या, मुद्रणालय उभे राहिले आणि 'श्रीगुरुदेव' मासिकातून त्यांचे विचार प्रसिद्ध होऊ लागले.

आश्रमाच्या दिनक्रमाचे दोन आधार होते : पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना. जात, धर्म, पंथ वा लिंग यांचा भेद न करता सर्वांनी एका ओळीत, एका आसनावर बसून एका सुरात प्रार्थना करावी, असा त्यांचा आग्रह होता. अमरावती, तिवसा, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर अशा तालुक्यांतील खेड्यांत पंगती आणि पाणवठे वेगळे असण्याच्या त्या काळात ही बैठकव्यवस्था हेच एक मोठे सामाजिक पाऊल होते. ज्याच्याबरोबर रोज सायंकाळी स्वर मिळवायचा त्याच्या सावलीचा विटाळ मानणे कठीण होत जाते, ही साधी मानसिक जाण प्रार्थनेच्या रचनेत होती.

ग्रामगीता

१९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्रामगीता' या ग्रंथात ४१ अध्याय व ४,६७५ ओव्या आहेत. ग्रामशुद्धी, आरोग्य, शिक्षण, श्रमप्रतिष्ठा, महिलोन्नती, विवाहातील उधळपट्टी, सणोत्सव, यात्रा आणि अंत्यसंस्कार असे खेड्याच्या जीवनाला स्पर्श करणारे जवळजवळ सर्व विषय त्यात आले आहेत. गावाचा संडास कोठे असावा आणि देवळातील पैसा कशासाठी खर्च व्हावा, यांसारख्या व्यावहारिक बाबींनाही ओवीत जागा मिळाली आहे.

या ग्रंथासाठी त्यांनी ओवी निवडली, हे लक्षणीय आहे. गद्यातील उपदेश वाचणाऱ्यापुरता राहिला असता. ओवी मोठ्याने वाचता येते, गाता येते आणि न वाचणाऱ्यालाही ऐकता येते. ज्ञानेश्वरी व एकनाथी भागवत यांच्या पारायणाची सवय असलेल्या खेड्याने ग्रामगीतेचेही पारायण सुरू केले. 'अनुभव सागर भजनावली', 'राष्ट्रीय भजनावली', 'सेवास्वधर्म' व हिंदीतील 'लहर की बरखा' ही त्यांची अन्य पुस्तके होत.

देशात व देशाबाहेर

स्वातंत्र्यानंतर त्यांचे भजन वऱ्हाडाच्या सीमा ओलांडून गेले. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचे खंजिरीभजन ऐकून त्यांचा 'राष्ट्रसंत' म्हणून गौरव केला. १९५५ मध्ये जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेत त्यांनी भाग घेतला. तेथे मराठी वा हिंदी न जाणणाऱ्या श्रोत्यांपुढेही त्यांनी खंजिरी वाजवून भजन गायले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष होते. साधूंनी समाजाच्या अन्नावर जगताना समाजासाठी श्रमही करावेत, ही त्यांची भूमिका होती. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीच्या प्रचारातही त्यांनी भाग घेतला. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात सीमेवर जाऊन त्यांनी सैनिकांसमोर भजने सादर केली.

विसाव्या शतकाच्या मध्यास जगात अन्यत्रही असे गायक निर्माण झाले. अमेरिकेत गिटार घेऊन शेतमजूर व बेरोजगारांची गाणी गात फिरणारे वुडी गथ्री (१९१२–१९६७) हे तुकडोजी महाराजांचे जवळजवळ समवयस्क होत. दोघांची श्रद्धा आणि वातावरण यांत मोठे अंतर आहे. तरीही हातात मावणारे वाद्य, प्रत्येकाला उचलता येईल अशी चाल आणि गाण्याने माणसे एकत्र येतात हा विश्वास, या गोष्टी दोघांतही समान आढळतात.

निधन

अखेरच्या काळात तुकडोजी महाराजांना कर्करोगाने ग्रासले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी आश्विन वद्य पंचमी होती. आश्रमासमोर त्यांची समाधी आहे. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात विदर्भ व मध्य प्रदेशातून हजारो लोक तेथे येतात आणि त्यांच्या निधनाच्या वेळी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, मौन श्रद्धांजली वाहतात. दिवसभर खंजिरी व टाळांनी गजबजलेला परिसर तेवढा वेळ पूर्णपणे शांत होतो.

वारसा

आपला जन्मदिवस व्यक्तिपूजेचा सोहळा होऊ नये, तो गावाचा दिवस व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे ३० एप्रिल हा दिवस 'ग्रामजयंती' म्हणून साजरा होतो. अनेक गावांत त्या निमित्ताने रस्ते झाडणे, रामधून काढणे आणि सामुदायिक प्रार्थना असे कार्यक्रम होतात. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असे नाव देण्यात आले. तिसऱ्या इयत्तेनंतर शाळा सोडलेल्या कवीचे नाव विद्यापीठाला मिळाले, ही महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील उल्लेखनीय घटना होय.

त्यांच्या संगीताचा वारसा मात्र मुख्यतः खेड्यांत टिकून आहे. विदर्भात ठिकठिकाणी खंजिरी भजन स्पर्धा होतात व त्यांत महिलांची आणि मुलांची मंडळेही भाग घेतात. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधनपर कीर्तन करतात. 'सप्तखंजिरी' या नावाने प्रसिद्ध झालेला हा प्रकार त्याच परंपरेचा विस्तार आहे.

तुकडोजी महाराजांच्या स्मरणात एक ताण कायम आहे. ज्याने ढोंगी भक्ती व कर्मकांड यांवर सातत्याने टीका केली, त्याच्याच प्रतिमेची पूजा व आरती होते. हार घातलेली तसबीर आणि भिंतीवर टांगलेली, न वाजणारी खंजिरी ही दृश्ये विदर्भात दुर्मीळ नाहीत. त्यांच्या रचना समूहाने गाण्यासाठी बांधलेल्या असल्याने त्या केवळ वाचून किंवा पूजून पूर्ण होत नाहीत. त्यांना ध्रुपद उचलणारे लोक लागतात. ज्या गावांत सायंकाळी सर्व वस्त्यांतील माणसे आजही एकत्र बसून प्रार्थना म्हणतात, तेथे ही भजने त्यांच्या मूळ हेतूसह चालू आहेत.